चुका करावयास सांगणारे पुस्तक

पाण्यात उतरल्यावाचून पोहता येत नाही, हे लहान मुलासही ठाऊक असते. तथापि पोहण्याविषयी पुस्तक लिहावयास बसलेला मनुष्य पाण्याचे गुणधर्म आणि पोहण्याचे प्रकारच सांगत राहिला, तर पुस्तक संपले तरी वाचक कोरडाच राहील. संगणकाची भाषा शिकविणाऱ्या पुष्कळ पुस्तकांची गत अशीच असते. त्यांत प्रथम व्याख्या येतात, मग नियम, मग नियमांचे अपवाद. विद्यार्थी ते पाठ करतो आणि उत्तरपत्रिकेत उतरवितो. पण संगणकापुढे बसविले की त्याचा हात अडतो.

याहून निराळ्या वाटेने गेलेल्या एका पुस्तकाची ही हकीकत आहे.

अमेरिकेतील बेल प्रयोगशाळा या विख्यात संशोधनसंस्थेत डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास ‘सी’ नावाची भाषा सिद्ध केली. संगणकाला द्यावयाच्या आज्ञा या भाषेत लिहिता येत. रिची यांचे सहकारी ब्रायन कर्निहॅन यांनी १९७४ मध्ये ती शिकणाऱ्यांसाठी एक छोटी मार्गदर्शिका लिहिली. पुढे दोघांनी मिळून तयार केलेले पुस्तक १९७८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याची पाने अडीचशेही नव्हती.

भाषेचे सारे नियम रिची यांनी काटेकोरपणे लिहून दिले होते. परंतु त्यांना पुस्तकात स्थान मिळाले ते अखेरीस, परिशिष्टात. आरंभी होते ते प्रत्यक्ष काम. पहिली आज्ञावली अवघ्या काही ओळींची. जगाला नमस्कार करणारे दोन शब्द संगणकाकडून उमटवून घ्यावयाचे, एवढेच तिचे कार्य. काम लहान, पण पूर्ण! ते करताना विद्यार्थी आज्ञावली लिहितो, ती चालवितो आणि तिचे फळ डोळ्यांनी पाहतो.

त्यानंतरचा स्वाध्याय तर अधिकच नवलाचा आहे. आज्ञावलीतील एखादा भाग मुद्दाम गाळावा आणि संगणक कोणती चूक दाखवितो ते पाहावे, असे त्यात सुचविले आहे. चूक टाळा, असे सांगणारे शिक्षक पुष्कळ भेटतात. येथे चूक करून पाहावयास सांगितले आहे. ज्याने चुकीचा संदेश एकदा निर्भयपणे वाचला, तो पुढे तसा संदेश येताच गांगरून जात नाही.

१९८८ मध्ये निघालेल्या दुसऱ्या आवृत्तीत फॅरनहाइट अंशांचे सेल्सिअस अंश करणारी एक आज्ञावली आहे. फॅरनहाइट अंशांतून ३२ वजा करावयाचे, ५ ने गुणावयाचे आणि ९ ने भागावयाचे. शून्य अंश फॅरनहाइटचे उत्तर ती उणे १७ असे देते. खरे उत्तर सुमारे उणे १७.८ आहे. लेखकांनी ही उणीव लपविली नाही. पूर्णांकाला पूर्णांकाने भागताना ही भाषा अपूर्णांक टाकून देते, हे त्यांनी दाखविले आणि मग दशांश संख्या वापरून तीच आज्ञावली सुधारली. हा नियम आधीच सांगितला असता, तर तो केवळ पाठ झाला असता. उत्तर चुकलेले पाहिल्यावर मात्र त्या नियमाची गरज विद्यार्थ्याला आपोआप पटते.

हे पुस्तक अगदी नवशिक्यांसाठी लिहिलेले नव्हते. वाचकाला संगणकाची थोडी ओळख असावी, अशी लेखकांची अपेक्षा होती. असे असूनही त्यांनी पहिली पायरी बेताचीच ठेवली. जाणत्या वाचकालाही जर त्यांनी असे हाती धरून नेले, तर बालकांसाठी लिहिणाऱ्याने किती जपावे बरे!

पुस्तकात किती माहिती भरली आहे, हे पाने मोजून कळेल. ते मिटल्यावर विद्यार्थ्याच्या हातून काय घडते, हे पाहिले म्हणजे त्याची खरी योग्यता कळते.

स्वाध्याय
१. भाषेचे नियम परिशिष्टात ठेवल्याने विद्यार्थ्याचा कोणता लाभ झाला?
२. ५० अंश फॅरनहाइट म्हणजे किती अंश सेल्सिअस, ते पाठात सांगितलेल्या रीतीने काढा.
३. स्वतःच्या चुकीतून तुम्ही काय शिकलात, ते दहा ओळींत लिहा.