मथळ्याची खूण कोणी ठरवायची?

संगणकावरची लांब टिपणे वेब पानाच्या रूपात निर्यात केली की प्रत्येक मथळ्याला एक खूण चिकटते. तिला आयडी म्हणतात. ती पानावर दिसत नाही, पण पत्त्याच्या शेवटी हॅश चिन्ह देऊन पुढे ही खूण लिहिली की ब्राउझर थेट त्या मथळ्यापाशी नेतो. अनुक्रमणिकेच्या लिंका याच खुणांवर चालतात. मग ही खूण कोणी ठरवायची, यंत्राने की लिहिणाऱ्याने?

आम्हा कॅडेट्सना यातला फरक मैदानावरच कळतो. ‘लंबा दाहिने, छोटा बाएं’ हा हुकूम झाला की स्क्वॉड कदवार उभा राहतो आणि गिनतीत माझा नंबर समजा ७ येतो. सुट्टीत दोघे माझ्याहून उंच होऊन आले की मी ९ होतो. प्रवेशाच्या वेळी मिळालेला कॅडेट नंबर मात्र ट्रंकेवर आणि मगवर शेवटपर्यंत तोच राहतो.

ऑर्ग-मोड ही प्रणाली कार्स्टन डॉमिनिक या खगोलशास्त्रज्ञाने २००३ मध्ये सुरू केली. तिच्या जुन्या आवृत्त्या गिनतीसारख्या खुणा देत: विभाग १, विभाग २. समजा प्रथमोपचाराच्या टिपणांत चौथा विभाग सर्पदंशाचा आहे आणि कोणी त्याच्या आधी रक्तस्रावाचा नवा विभाग घातला. आता चौथा विभाग रक्तस्रावाचा झाला. जुनी लिंक चालते, पण भलतीकडे नेते. हातापायातून जोराचा रक्तस्राव होत असेल तर वर घट्ट पट्टी आवळतात. साप चावल्यावर तसे अजिबात आवळायचे नसते. कॅम्पवर घाईत वाचणारा वरचा मथळा बघेलच असे नाही.

पुढच्या आवृत्त्यांनी ‘ऑर्ग’ या अक्षरांपुढे सात यादृच्छिक अंक-अक्षरे जोडायला सुरुवात केली. त्यामुळे चुकीच्या विभागात जाण्याचा धोका जवळपास संपला, पण साधारणपणे प्रत्येक निर्यातीत खुणा बदलतात आणि आधी कोणाला पाठवलेली लिंक निकामी होते. वाईट म्हणजे हे कळतही नाही. हॅशपुढचा भाग सर्व्हरकडे जातच नाही, त्यामुळे चुकीची सूचना येत नाही. पान मुकाट्याने वरून उघडते.

पॅनडॉक हे जॉन मॅकफार्लेन या तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकाचे साधन. ते मथळ्याच्या शब्दांतूनच खूण बनवते: मोकळ्या जागी जोडरेघ, रोमन अक्षरे लहान, आणि तोच मथळा पुन्हा आला तर शेवटी १. अशी खूण वाचता येते, पण मथळ्यातले शुद्धलेखन सुधारले तरी ती बदलते. म्हणजे वाचनीय असणे आणि कायम असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उलट, फाईलमध्येच लिहून ठेवलेली ३६ चिन्हांची खूण अगम्य असली तरी टिकते.

मला दोन्ही हव्यात, म्हणून महत्त्वाच्या मथळ्याखाली कस्टम आयडी हाताने लिहिणे मला पटते. मथळा पुढे कितीही बदलला तरी ती खूण जागची हलत नाही. सगळ्या मथळ्यांना तशी द्यायची गरज नाही. ज्यांच्याकडे बाहेरून लिंक येणार, तेवढ्यांनाच. एकदाच छापून फेकायच्या कागदाला यंत्राची खूण पुरे.

मराठी टिपणांत मी खूण तरीही रोमन लिपीत लिहितो. देवनागरी चालते, पण पत्ता कॉपी केला की पुष्कळदा प्रत्येक चिन्हाची नऊ चिन्हे होतात. ‘प्रस्तावना’ या शब्दात काना आणि हलन्त धरून १० चिन्हे आहेत, त्यांची ९० होतात. फलकावरून उतरवून घ्यायची असेल तर कोण लिहील?

हाताने दिलेल्या खुणेत एक गोष्ट स्वतः तपासावी लागते. मथळा कॉपी करून नवा विभाग केला की जुनी खूणही सोबत येते, आणि एकाच खुणेचे दोन मथळे असले तर ब्राउझर नेहमी पहिल्याकडेच जातो.