खडूने लिहिलेलं वर्तमानपत्र

प्रश्न : आफ्रिकेतल्या अनेक देशांत रोज वर्तमानपत्र विकत घेणं सामान्य माणसाला परवडत नाही, असं वाचलं. मग लोकांना बातम्या कळतात कशा?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : आफ्रिका म्हणजे पन्नासहून अधिक देश. सगळ्यांना लागू पडेल असं एकच उत्तर देता येणार नाही. पण खपाचे आकडे बघून तिथे बातम्यांची भूक नाही, असं कुणी म्हणत असेल तर ते साफ चूक आहे.

आयव्हरी कोस्टमधल्या आबिजान शहरात सकाळी पेपरच्या टपरीसमोर गर्दी असते. टांगलेल्या अंकांचे मथळे उभ्याउभ्या वाचायचे आणि तिथेच वाद घालायचा. अशा मंडळींना तिथे ‘तित्रोलोग’, म्हणजे मथळ्यांचे पंडित, असं नावच पडलंय. काँगोच्या किन्शासात तोंडोतोंडी फिरणाऱ्या बातमीला ‘पदपथावरचा रेडिओ’ म्हणतात. तिथले हुकूमशहा मोबुटू यांच्या राजवटीत सरकारी माध्यमं त्यांचेच गोडवे गायची, तेव्हा लोक याच रेडिओकडे कान लावून असत. त्यात अफवाही पुष्कळ असायच्या, हे मान्य केलंच पाहिजे.

मला मात्र सगळ्यात जवळचा वाटतो तो मन्रोव्हियाचा फळा. लायबेरियाच्या या राजधानीत, टबमन बुलेव्हार्ड या वर्दळीच्या रस्त्याकडेला, आल्फ्रेड सर्लीफ यांनी २००० साली ‘डेली टॉक’ सुरू केलं. लाकडी खोपटं हेच कार्यालय आणि बाहेरचा काळा फळा हाच अंक. बातम्या गोळा करायच्या, त्यातल्या महत्त्वाच्या निवडायच्या आणि खडूने मोठ्या, ठसठशीत अक्षरांत लिहून काढायच्या. भाषा साधी, मन्रोव्हियाच्या रस्त्यावर बोलली जाते तशी इंग्रजी. पायी जाणारे थांबून वाचत, गाडीवाले वेग कमी करून नजर टाकत. कुणाला एक पैसा पडत नसे.

ज्यांना अक्षरओळख नाही त्यांचं काय? लायबेरियातल्या यादवी युद्धात पोरांच्या शाळा बुडाल्या होत्या, त्यामुळे असे लोक थोडेथोडके नव्हते. सर्लीफ यांनी त्यांच्यासाठी फळ्यापाशी वस्तूच टांगल्या. निळं शिरस्त्राण दिसलं की बातमी संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेची. रंगीत पाण्याची बाटली म्हणजे पेट्रोल. एलन जॉन्सन सर्लीफ २००६ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाल्या. त्यांना लोक ‘पोलादी बाई’ म्हणत, म्हणून त्यांच्यासाठी गाडीच्या चाकाची चकचकीत धातूची टोपी! मोठमोठ्या वृत्तपत्रांनाही न सुचलेलं हे संपादन आहे, असं मला मनापासून वाटतं. वाचता न येणाऱ्यालाही त्यांनी वाचकच मानलं.

खडूची अक्षरं पुसायला एक ओलं फडकं पुरतं. तरीही सुरुवातीच्या काळातले राष्ट्राध्यक्ष चार्ल्स टेलर यांच्या सरकारला त्यांची धास्ती वाटली. फळा मोडून टाकला गेला, सर्लीफ यांना तुरुंगात डांबलं गेलं, पुढे देशही सोडावा लागला. ऑगस्ट २००३ मध्ये टेलर सत्तेवरून गेले. त्यानंतर सर्लीफ मन्रोव्हियात परतले, त्यांनी नवा फळा उभा केला आणि पुन्हा खडू हातात घेतला.