लहान विटा, मोठी कारागिरी

(वीट म्हटली की आपल्याला घर आठवते. पण बोटाएवढ्या रंगीत विटा जोडून इमारती, पूल आणि वाहने यांच्या प्रतिकृती करणारी मोठी माणसेही जगात आहेत. त्या प्रतिकृती ते विकतात आणि स्पर्धांत मांडतात. या कलेची माहिती प्रस्तुत पाठात दिली आहे. नक्कल आणि स्वतःची निर्मिती यांतील फरकही लेखकाने समजावून सांगितला आहे.)

विद्यार्थी मित्रांनो, भडगावात एखाद्या नव्या घराचे बांधकाम चालू असेल, तर तेथे थोडा वेळ थांबा आणि गवंड्याचे काम नीट पाहा. तो आधी दोरी ताणतो. ओळंबा सोडून भिंत सरळ आहे की नाही, ते तपासतो. वरच्या थरातील वीट तो खालच्या दोन विटांच्या सांध्यावर बसवतो. सांध्यावर सांधा तो कधीच येऊ देत नाही. असे का? सांधे एकाखाली एक आले, तर भिंत तेथेच चिरते. वीट आडवी सरकली, म्हणजे वरचे वजन दोन विटांवर वाटले जाते. ही साधी युक्ती हजारो वर्षांपासून माणसाला ठाऊक आहे.

विटेलाही माप असते. आपल्या देशातील प्रमाणित वीट १९ सेंटिमीटर लांब, ९ सेंटिमीटर रुंद आणि ९ सेंटिमीटर उंच असते. तिच्याभोवती एक सेंटिमीटर चुना किंवा सिमेंट धरले, की २०, १० आणि १० असे सोपे आकडे मिळतात. त्यामुळे भिंतीला किती विटा लागतील, याचा हिशेब पटकन करता येतो.

आता याच विटेचे लहान भावंड पाहू. डेन्मार्क नावाचा एक छोटा देश युरोपात आहे. तेथील बिलुंड गावात ओले किर्क क्रिस्टियन्सेन नावाचा सुतार राहत होता. १९३२ मध्ये काम मिळेनासे झाले, तेव्हा त्याने लाकडी खेळणी करायला सुरुवात केली. १९३४ मध्ये त्याने आपल्या कारखान्याला ‘लेगो’ हे नाव दिले. ‘छान खेळा’ अशा अर्थाच्या दोन डॅनिश शब्दांवरून हे नाव तयार झाले आहे. १९४२ मध्ये त्याचा कारखाना आगीत जळाला. तरीही तो खचला नाही. त्याने पुन्हा काम उभे केले.

१९४७ मध्ये इंग्लंडमध्ये हिलरी फिशर पेज या गृहस्थाने एकमेकींवर बसणाऱ्या प्लॅस्टिकच्या विटा विकायला काढल्या होत्या. त्या विटा पाहून लेगोने १९४९ मध्ये आपल्या विटा तयार केल्या. म्हणजे मूळ कल्पना लेगोची नव्हती. पण या विटांत एक दोष होता. त्या आतून पोकळ असल्यामुळे घट्ट बसत नसत. ओले यांचा मुलगा गॉटफ्रेड याने विटेच्या पोटात नळ्या बसवल्या. वरच्या विटेच्या नळ्या खालच्या विटेच्या गुंड्यांना धरून ठेवू लागल्या. २८ जानेवारी १९५८ रोजी या सुधारणेच्या पेटंटसाठी अर्ज करण्यात आला. तेव्हाची वीट आजच्या विटेवरही घट्ट बसते. साठ वर्षांहून अधिक काळ माप जराही न ढळू देणे, हीच त्या कारखान्याची मोठी कमाई आहे.

या विटेवरील दोन गुंड्यांमधील अंतर ८ मिलिमीटर असते. विटेची उंची ९.६ मिलिमीटर असते. आठ गुंड्यांची एकाच रंगाची दोन विटा घेतली, तर त्या २४ प्रकारे जोडता येतात. तीन विटा १,०६० प्रकारे जोडता येतात. मग सहा विटा किती प्रकारे जोडता येतील? कोपनहेगन विद्यापीठातील गणिताचे प्राध्यापक सोरेन आयलर्स यांनी संगणकाच्या मदतीने हे मोजले. उत्तर आले ९१ कोटी ५१ लाख ३ हजार ७६५! सहा विटांतून एवढे निघत असेल, तर सहा हजार विटांतून काय निघणार नाही?

म्हणूनच हा खेळ फक्त मुलांचा राहिला नाही. अनेक मोठी माणसे दिवसभर आपला व्यवसाय करतात आणि रात्री विटांच्या प्रतिकृती जोडतात. अमेरिकेतील नेथन सवाया हे वकील होते. २००४ मध्ये त्यांनी वकिली सोडली आणि विटांपासून शिल्पे घडवणे हाच आपला व्यवसाय केला. सगळ्यांनीच नोकरी सोडावी, असा याचा अर्थ नाही. पण हाताच्या कामाला ‘पोरखेळ’ म्हणून हसू नये, एवढे त्यातून नक्की शिकावे.

एका प्रसिद्ध प्रतिकृतीचा संबंध आपल्या खानदेशाशी आहे. बादशहा शाहजहान यांची बेगम मुमताज महल १६३१ मध्ये बऱ्हाणपूर येथे वारली. तापीकाठचे बऱ्हाणपूर ही त्या काळी खानदेशची राजधानी होती. बेगमचे दफन प्रथम तेथेच, नदीपलीकडच्या जैनाबादला झाले. नंतर त्यांचे शव आग्र्याला नेण्यात आले आणि तेथे ताजमहाल उभा राहिला. ताजमहाल संगमरवरी दिसतो. पण त्याचा आतला गाभा विटांचा आहे. विटांच्या बांधकामावर संगमरवराचे आवरण बसवलेले आहे. याच ताजमहालाचा खेळण्यातील विटांचा संच लेगोने २००८ मध्ये काढला. त्यात ५,९२२ तुकडे होते! आग्र्याचे कारागीर दगडातून ताजमहालाच्या लहान प्रतिकृती घडवतात, हे तुम्हांला ठाऊक असेल. माध्यम वेगळे असले, तरी आवड तीच.

पुढे हा संच मिळेनासा झाला. ज्यांच्याकडे तो होता, ते कित्येक पट किंमत मागू लागले. २०१७ मध्ये कारखान्याने हाच संच पुन्हा बाजारात आणला. लगेच जुन्या संचाची किंमत खाली आली. वस्तू दुर्मीळ असली की महाग होते, मुबलक झाली की स्वस्त होते. बाजाराचा हा नियम आठवडी बाजारात भाजी घेताना तुम्हीही पाहता.

मोठी माणसे या कलेतून पैसे कसे मिळवतात? कोणी सुटे तुकडे विकतात. २००० मध्ये डॅन जेझेक नावाच्या तरुणाने सुट्या तुकड्यांच्या खरेदी-विक्रीसाठी संगणकावर ‘ब्रिकलिंक’ नावाची बाजारपेठ सुरू केली. २०१९ मध्ये लेगोने ती विकत घेतली. कोणी गिऱ्हाइकाच्या मागणीप्रमाणे त्याच्या घराची किंवा दुकानाची प्रतिकृती करून देतात. कोणी प्रतिकृती न विकता फक्त तिचा आराखडा विकतात.

आराखडा का बरे विकतात? चला, थोडे गणित करू. समजा, एका प्रतिकृतीला ६०० तुकडे लागले. एक तुकडा ५ रुपयांना पडला, तर तुकड्यांचा खर्च ३,००० रुपये झाला. गिऱ्हाइकाने ४,००० रुपये दिले. म्हणजे कारागिराच्या हाती १,००० रुपये उरले. त्याने २० तास काम केले असेल, तर त्याला ताशी फक्त ५० रुपये मिळाले. कौतुक खूप झाले, पण मजुरी सुटली नाही. आराखडा मात्र एकदा तयार केला, की तो शंभर जणांना विकता येतो. आपल्या देशात परदेशी विटा आणखी महाग पडतात. खेळण्यांवरील आयात शुल्क सरकारने २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के केले आणि २०२३ मध्ये ते ७० टक्के केले. म्हणून हुन्नर असलेल्या माणसाला हिशेबही यायला हवा.

आराखडा विकण्यात एक धोकाही आहे. तो सहज चोरता येतो. एकाने सहा महिने डोके लढवायचे आणि दुसऱ्याने त्याचे नाव पुसून तोच आराखडा आपला म्हणून विकायचा, असे प्रकार घडतात. येथे आपण एक फरक लक्षात ठेवला पाहिजे. दुसऱ्याचे काम पाहून शिकणे यात गैर काही नाही. लेगोनेही पेज यांच्या विटा पाहिल्या, पण नंतर त्यात नळ्यांची भर घातली. पेटंटची मुदत संपल्यावर इतर कारखानेही तशा विटा करू लागले. २००५ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने विटेच्या या आकारावर एकट्या लेगोचा हक्क मानला नाही. म्हणजे वीट सर्वांची आहे. पण त्या विटांतून तुम्ही जो महाल रचता, तो तुमचा. त्यावर दुसऱ्याने आपले नाव लावू नये, आणि तुम्हीही दुसऱ्याच्या महालावर आपले नाव लावू नये.

स्वतःच्या निर्मितीला मान मिळतो, याचे एक सुंदर उदाहरण आहे. लोकांनी सुचवलेले नमुने लेगो कंपनी मागवते. एखाद्या नमुन्याला दहा हजार लोकांनी पसंती दिली, की कंपनी त्याचा विचार करते. नमुना निवडला गेला, तर तो करणाऱ्याला विक्रीतून वाटा मिळतो. एलेन कूइमन या भूशास्त्रज्ञ बाईंनी प्रयोगशाळेत काम करणाऱ्या स्त्रियांचा नमुना असाच पाठवला होता. खेळण्यांच्या जगात स्त्री शास्त्रज्ञ फारशा दिसत नाहीत, हे त्यांना खटकले होते. २०१४ मध्ये त्यांचा संच बाजारात आला आणि हातोहात संपला.

या कलेच्या स्पर्धाही होतात. २०१७ मध्ये इंग्लंडच्या दूरदर्शनवर ‘लेगो मास्टर्स’ ही स्पर्धा सुरू झाली. पुढे ती इतर देशांतही गेली. दोघांची जोडी ठरलेल्या वेळात दिलेल्या विषयावर प्रतिकृती उभी करते. परीक्षक तिची मजबुती पाहतात, रंगसंगती पाहतात आणि कल्पना किती नवी आहे, तेही पाहतात. आपल्या महाराष्ट्रात हे काही नवे नाही. दिवाळीत पुणे, सातारा, कोल्हापूर या भागांत मुले आणि तरुण मंडळे दगड-मातीचे किल्ले करतात. त्यांच्याही स्पर्धा होतात. चांगला किल्ला करायचा, तर खऱ्या किल्ल्याचा दरवाजा कोठे आहे, पाण्याचे टाके कोठे आहे, बुरूज किती आहेत, याचा अभ्यास करावाच लागतो. हात मातीत असतात, पण डोके इतिहासात असते.

मित्रांनो, तुमच्याकडे महागड्या विटा नसतील. त्यांच्यावाचून काही अडत नाही. जुने पुठ्ठे, रिकाम्या काडेपेट्या, नाहीतर गिरणेच्या काठची माती घ्या आणि आपल्या शाळेची प्रतिकृती करा. प्रथम टेपने शाळेची मापे घ्या. मग प्रमाण ठरवा. १०० सेंटिमीटरसाठी १ सेंटिमीटर धरले, तर ४० मीटर लांबीची इमारत ४० सेंटिमीटरची होईल. दार २ मीटर उंच असेल, तर प्रतिकृतीत ते २ सेंटिमीटरचे हवे. दाराला एक प्रमाण आणि भिंतीला दुसरे, असे करू नका. विटांसारखे सारखे तुकडे कापा. थर लावताना गवंड्याची युक्ती विसरू नका. काम झाल्यावर प्रतिकृतीखाली तिचे प्रमाण लिहा. ज्या ज्या मित्रांनी आणि मैत्रिणींनी हात लावला, त्या सर्वांची नावे लिहा. कोणाची कल्पना घेतली असेल, तर त्याचेही नाव लिहा.

बक्षीस एकालाच मिळेल. पण माप घेणे, धीर धरणे, हिशेब ठेवणे आणि दुसऱ्याच्या मेहनतीचा मान राखणे, हे सर्वांच्याच पदरी पडेल.

शब्दार्थ
प्रतिकृती – मूळ वस्तूसारखी केलेली दुसरी वस्तू
गवंडी – भिंती बांधणारा कारागीर
ओळंबा – भिंत सरळ आहे की नाही हे पाहण्याचे दोरी बांधलेले वजन
सांधा – दोन वस्तू जुळतात ती जागा
आराखडा – कामाचा आधी काढलेला नकाशा
पेटंट – नव्या शोधावर ठरावीक मुदतीसाठी मिळणारा हक्क
हुन्नर – हाताची कला, कसब
आयात शुल्क – परदेशातून आलेल्या मालावरील कर

वाक्प्रचार
डोके लढवणे – युक्ती शोधण्यासाठी खूप विचार करणे
हातोहात संपणे – फार लवकर विकले जाणे
पदरी पडणे – मिळणे

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) ‘लेगो’ या नावाचा अर्थ काय?
(आ) गॉटफ्रेडने विटेत कोणती सुधारणा केली?
(इ) ताजमहालाचा आतला गाभा कशाचा आहे?

२. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) गवंडी सांध्यावर सांधा का येऊ देत नाही?
(आ) जुन्या ताजमहाल संचाची किंमत २०१७ नंतर का उतरली?
(इ) ‘वीट सर्वांची, पण महाल तुमचा’ या विचाराचा अर्थ स्पष्ट करा.

३. हिशेब करा.
एका प्रतिकृतीला ४०० तुकडे लागले. एक तुकडा ४ रुपयांना पडला. ती २,५०० रुपयांना विकली आणि काम १५ तास चालले. कारागिराला ताशी किती रुपये मिळाले?

४. भाषाभ्यास
(अ) इमारत, नमुना, हिशेब, कारागीर, किंमत, बाजार हे शब्द मराठीत आणि उर्दूतही आहेत. पाठातून असे आणखी चार शब्द शोधा.
(आ) उर्दूत दोन लिंगे आहेत, मराठीत तीन. ‘घर’ आणि ‘शहर’ हे शब्द उर्दूत पुल्लिंगी, तर मराठीत नपुंसकलिंगी आहेत. ‘ते घर, ती वीट, तो किल्ला’ याप्रमाणे पुढील शब्दांपूर्वी तो, ती किंवा ते लिहा : खेळणे, भिंत, कारखाना, दार, माती, आराखडा.

५. उपक्रम
आपल्या गावातील एखाद्या गवंड्याला किंवा सुताराला भेटा. त्यांच्या हत्यारांची नावे मराठीत व उर्दूत लिहून वर्गात वाचून दाखवा.