झोपाळा कोणी धुवायचा?



आता पुष्कळ गावांत मुलांसाठी खेळाचे अंगण झाले आहे. कोठे ते शाळेपुढे असते, कोठे अंगणवाडीच्या बाजूला. त्यात झोपाळा असतो. घसरगुंडी असते. वाळूचा खड्डा असतो. जुन्या मोटारीचे टायरही असतात.

ही खेळणी बसवतात त्या दिवशी नारळ फुटतो, पेढे वाटले जातात. पुढे मात्र त्यांच्याकडे कोणी बघत नाही. पावसाळ्यात घसरगुंडीवर शेवाळ धरते. फळीवर कोंबड्या बसतात. रात्री कुत्री वाळूत येऊन घाण करतात. सकाळी त्याच वाळूत आपलं पोर बसतं आणि त्याच हाताने भाकरीचा तुकडा तोंडात घालतं.

त्यात काय एवढं, मातीत खेळूनच पोरं मोठी होतात, असे कोणी म्हणेल. खरे आहे. मुलांनी मातीत खेळलेच पाहिजे. माती वाईट नाही. मातीत मिसळलेली विष्ठा वाईट. हा फरक आपण नीट समजून घेऊ.

माणसाच्या पोटात जंत होतात. त्यांची अंडी विष्ठेबरोबर बाहेर पडतात आणि ओल्या मातीत टिकून राहतात. काही अंडी तर महिनोन् महिने टिकतात. डोळ्यांना ती दिसत नाहीत. मुलाच्या नखांतून ती पोटात जातात. दुसरा एक जंत आहे, त्याला अंकुशकृमी म्हणतात. त्याची अळी अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरते. पुढे हा जंत आतड्याला चिकटून रक्त पितो. मूल फिके पडते, लवकर दमते, शाळेत पेंगते. आपण म्हणतो, पोरगं आळशी आहे. पोरगं आळशी नसतं. त्याचं रक्त कमी झालेलं असतं.

२०१५ सालापासून आपल्या देशात राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळतात. त्या वेळी १ ते १९ वर्षांच्या मुलांना शाळेत व अंगणवाडीत जंताची गोळी फुकट मिळते. ती मुलांना अवश्य द्यावी. पण गोळीने पोटातले जंत मरतात, अंगणातली अंडी मरत नाहीत. अंगण घाणच राहिले, तर जंत पुन्हा होणारच.

कुत्र्या-मांजरांच्या विष्ठेतही जंतांची अंडी असतात. त्यांतली बरीचशी पडल्या पडल्या बाधत नाहीत. काही आठवडे मातीत राहिली, म्हणजे बाधू लागतात. म्हणून विष्ठा दिसली की त्याच दिवशी फावड्याने खालच्या वाळूसकट उचलावी आणि दूर खोल पुरावी. रात्री वाळूचा खड्डा जुन्या ताडपत्रीने झाकावा. कडेला दगड ठेवावेत. एवढे केले तरी निम्मे काम झाले.

आता टायरकडे पाहू. टायरच्या पोटात पावसाचे पाणी साचते. डेंग्यूचा डास अशाच पाण्याजवळ अंडी घालतो. आठ-दहा दिवसांत त्यातून नवे डास उडू लागतात. हा डास दिवसा चावतो, म्हणजे मुलांच्या खेळण्याच्या वेळीच. त्यासाठी टायरला खालच्या बाजूने भोके पाडावीत, पाणी निघून जाईल. आठवड्यातून एकदा टायर आतून घासावा. नुसते पाणी ओतून भागत नाही, कारण अंडी आतल्या बाजूला चिकटून राहतात आणि कोरडी झाली तरी जगतात. हात घालण्याआधी काठीने टायर हलवून बघा. आत विंचू किंवा साप असू शकतो.

लोखंडाच्या गंजाबद्दल एक समज आहे. गंजाने धनुर्वात होतो, असे लोक म्हणतात. खरे म्हणजे धनुर्वाताचे जंतू मातीत आणि शेणात असतात. गंजलेल्या पत्र्याने कापले की जखम खोल होते आणि पत्र्याला चिकटलेली माती आत जाते. म्हणून जखम साबणाने व भरपूर पाण्याने धुवावी आणि मुलाला दवाखान्यात न्यावे. जखमेवर शेण, माती, चुना काही लावू नये. मुलाच्या लसी वेळेवर टोचून घ्याव्यात.

आता धुण्याची रीत सांगतो.

पहिल्याने सगळे नीट पाहा. खिळा वर आला आहे काय? साखळीची कडी झिजली आहे काय? फळीला कुसळ आहे काय? तसे असेल तर दुरुस्ती होईपर्यंत ते खेळणे बांधून ठेवा.

मग झाडून घ्या. नंतर बादलीभर पाण्यात मूठभर धुण्याची पावडर घालून काथ्याने घासा. मुलांचे हात लागतात त्या जागा जास्त घासा, म्हणजे साखळी, दांडा, शिडीच्या पायऱ्या. मग स्वच्छ पाणी ओता, कोरड्या फडक्याने पुसा आणि उन्हात वाळू द्या. पुसले नाही तर गंज चढतो.

खेळण्यावर विष्ठा किंवा ओकारी पडली असेल, तर आधी ती काढून साबणाने धुवा. मग १ लिटर पाण्यात सुमारे १५ ग्रॅम ब्लीचिंग पावडर कालवून लावा. दहा मिनिटांनी भरपूर पाण्याने धुऊन टाका. त्या वेळी मुलांना दूर ठेवा. संडास धुण्याचे अॅसिड त्यात कधीही मिसळू नका. त्यातून विषारी वायू निघतो.

जुना रंग सुटत असेल तर तो कोरडा खरवडू नका. जुन्या रंगात शिसे असू शकते. त्याची धूळ पोटात गेली, तर मुलाच्या मेंदूला अपाय होतो. रंगाचे पोपडे ओल्या फडक्याने टिपून घ्या.

आणि खेळ संपला की मुलांचे हात साबणाने धुवा. त्याशिवाय बाकीची मेहनत अपुरी आहे.

आता खरा प्रश्न. हे सगळे करायचे कोणी?

कोणी म्हणतात, अंगणवाडीच्या बाई करतील. त्यांना आधीच पुष्कळ कामे असतात. कोणी म्हणतात, त्यापेक्षा अंगणाला कुलूप लावा. मग खेळणी आणली कशाला? आणि एक जुनी खोड आहे. घाण काढायची म्हटली, की आपण ठरावीक घरांकडे बोट दाखवतो. ही खोड आपण टाकली पाहिजे. झोपाळ्यावर सगळ्यांची पोरं बसतात, तर फडकेही सगळ्यांनी हाती धरले पाहिजे.

१९४५ साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी येथे खेड्यातल्या मुलांसाठी काम सुरू केले. गरिबांची मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसले, तेव्हा बालवाडीच त्यांच्या वस्तीत, त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडी ती हीच. शिकलेल्या बायांना त्या अंगणात बसण्याची लाज वाटली नाही. मग आपल्याच गावचे अंगण झाडण्याची आपल्याला लाज कशाला?

हिशेब सोपा आहे. आठवड्यातला एक दिवस ठरवा. दर आठवड्याला दोन घरांची पाळी लावा. चाळीस घरे असली, तर एका घराची पाळी वीस आठवड्यांनी येते. म्हणजे वर्षातून दोन-तीन वेळा, तेही तास-दोन तास. पुरुषांनीही पाळी करावी. बायकांवर ढकलू नये.

पाळीचा तक्ता मात्र लिहून भिंतीवर लावा. तोंडी ठरलेले चार दिवसांत विसरते. तक्ता कोणी लिहायचा? तुम्हीच. तुम्हाला आता लिहिता येते. पहिले नाव आपल्या घराचे लिहा.

आता सांगा पाहू :

१. जंताची गोळी दिली तरी अंगण स्वच्छ का ठेवावे?
२. टायरमधले पाणी ओतून का भागत नाही?
३. जखम झाल्यावर काय करावे, काय करू नये?
४. आपल्या आळीतल्या दहा घरांची नावे लिहून पाळीचा तक्ता तयार करा.