आकड्याची मर्यादा टाइपमध्येच लिही

सी. व्ही. रामन नगर, बंगळूर

चि. ओंकारास,


कंपायलर शेकडो वॉर्निंग देतो, टेस्ट मात्र सगळ्या पास होतात, मग त्या वॉर्निंग बंद करून टाकल्या तर काय बिघडलं, असं तू फोनवर विचारलंस. तुझ्या टीममधले सीनियरही तेच म्हणतात, असंही म्हणालास. फोनवर उत्तर देण्यासारखा हा प्रश्न नव्हता. विमानांच्या सॉफ्टवेअरची पडताळणी करण्यात माझी हयात या शहरात गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

आधी तू पाठवलेली ती ओळ घेऊ. बॅटरीच्या सेलचा व्होल्टेज मोजणारा तुमचा एडीसी 12 बिटांचा आहे, म्हणजे त्याचं वाचन 0 ते 4095. त्याला तू 5000 ने गुणतोस, 4096 ने भागतोस आणि मिलिव्होल्ट काढतोस. उत्तर फार तर 4998 येणार. 16 बिटांच्या इंटमध्ये 32767 पर्यंतचा आकडा मावतो, तेव्हा काळजीचं कारण नाही, असा तुझा हिशेब. पण भागाकाराच्या आधी गुणाकार होतो ना! 4095 गुणिले 5000 म्हणजे 2 कोटी 4 लाख 75 हजार. तुझ्या चिपवर इंट 16 बिटांचाच आहे. वाचन 6 असेल तोवर 30000, तिथवर ठीक. 7 झालं की 35000, आणि तिथेच मर्यादा ओलांडली. म्हणजे 4096 वाचनांपैकी पहिली सात सोडली तर बाकी कशाचाच भरवसा नाही. लॅपटॉपवर इंट 32 बिटांचा असतो, म्हणून तिथे तुझ्या टेस्ट बिनबोभाट पास झाल्या. त्या टेस्टनी तुझं कोड तपासलं खरं, पण दुसऱ्याच यंत्रावर.

तुमच्या प्रकारचा लिथियम-आयन सेल 4.2 व्होल्टच्या वर चार्ज करायचा नसतो, हे तू मला सांगितलंस. ती मर्यादा पाळायची जबाबदारी याच आकड्यावर आहे. वॉर्निंगच्या त्या ढिगात ही ओळही असेल कदाचित, आणि कुणी वाचली नसेल.

यावर सगळ्यांना पहिला उपाय सुचतो तो म्हणजे प्रोग्रॅम चालू असताना तपासणी लावायची, आकडा बाहेर गेला की अपवाद उठवायचा. करावं, पण तेवढ्यावर विसंबू नये. ते वरातीमागून घोडं आहे. आकडा बाहेर गेल्याचं कळेल, पण त्या क्षणी करायचं काय? हा प्रश्न किती महाग पडू शकतो ते 4 जून 1996 ला जगाने पाहिलं.

त्या दिवशी फ्रेंच गयानातल्या कुरूहून एरियान-5 या रॉकेटचं पहिलं उड्डाण होतं. आपल्या बंगळूरला बांधलेले इन्सॅट उपग्रह त्याच तळावरून एरियान-4 ने जात असत, त्यामुळे आमच्या इथेही त्या उड्डाणाकडे लक्ष होतं. पहिल्या चाळीस सेकंदांतच रॉकेट फुटलं, त्यातले ‘क्लस्टर’ नावाचे चार उपग्रह गेले. जाक-लुई लिओन्स यांच्या चौकशी मंडळाने जुलैमध्ये अहवाल दिला. तो तू मुळातून वाच; एवढं स्वच्छ तांत्रिक लेखन क्वचित सापडतं. दिशा सांभाळणाऱ्या यंत्रणेत आडव्या वेगाशी संबंधित एक आकडा 64 बिटांच्या दशांश रूपातून 16 बिटांच्या पूर्णांकात बदलला जात होता. आकडा मावला नाही. भाषा एडा होती, म्हणून तपासणी चोख झाली, अपवाद उठला. पण तो हाताळणारं कुणी नव्हतं, आणि प्रोसेसर बंद पडला. राखीव यंत्रणा मदतीला यावी, तर तिच्यातही तेच सॉफ्टवेअर. ती 72 मिलिसेकंद आधीच बंद पडली होती. मग निदानासाठी बाहेर टाकलेले आकडे मुख्य संगणकाने उड्डाणाची माहिती समजून वाचले आणि नोझल पूर्ण वळवले. रॉकेट त्या झटक्याने मोडलं.

अहवालातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो भाग पुढचा आहे. असं रूपांतर होणारी सात चलं होती. चारांना संरक्षण होतं, तीन उघडी ठेवली होती. का? तर संगणकावरचा भार 80 टक्क्यांच्या आत ठेवायचा होता, आणि ही तीन चलं मर्यादेबाहेर जाणारच नाहीत असं मानलं गेलं. एरियान-4 साठी ते मानणं बरोबरच होतं. एरियान-5 सुरुवातीलाच खूप अधिक आडवा वेग घेत असे. सॉफ्टवेअर तेच उचललं, पण त्यामागचं गृहीतक कोडमध्ये कुठे लिहिलेलंच नव्हतं, मग ते मोडल्याचं सांगणार कोण?

कंपाइल करतानाच्या तपासणीचं मोल इथे कळतं. ती उड्डाणाच्या वेळी एका सेकंदाचाही वेळ खात नाही. 80 टक्क्यांचा प्रश्नच उरत नाही, कारण जे सिद्ध व्हायचं ते यंत्र सुरू होण्याआधी टेबलावरच सिद्ध झालेलं असतं.

हे आपल्याकडे कुणाला ठाऊक नव्हतं असं समजू नकोस. माझ्या घरापासून जवळच एडीई ही विमान-संशोधन संस्था आहे. तेजस या लढाऊ विमानाचा उड्डाण-नियंत्रण संगणक तिथे घडला, त्याचं सॉफ्टवेअर एडात लिहिलं गेलं. तेजसची बांधणी मुद्दाम अस्थिर ठेवलेली आहे. त्यामुळे विमान चपळ होतं, पण संगणकाशिवाय कुणालाही उडवता येत नाही. म्हणून संगणकाचे मार्ग चार, एकमेकांना पडताळणारे. 1998 च्या अणुचाचण्यांनंतर अमेरिकेने निर्बंध घातले, तिथल्या कंपनीबरोबर चाललेलं काम थांबलं, आपल्या इंजिनिअरांना परतावं लागलं आणि उरलेलं काम बंगळुरातच पुरं झालं. 4 जानेवारी 2001 ला विंग कमांडर राजीव कोठियाल यांनी ते विमान एचएएल या विमान कारखान्याच्या धावपट्टीवरून प्रथम उडवलं. 

एडात प्रत्येक आकड्याला त्याचा टाइप आणि त्याची हद्द देता येते. समजा, पंखावरच्या एलेव्हॉन या हलत्या पट्टीचा कोन उणे 25 ते 25 अंश. हे टाइपमध्ये लिहिलं की कोनाच्या चलात 40 हा स्थिरांक भरताच कंपायलर तिथल्या तिथे हटकतो. वेग आणि कोन हे वेगळे टाइप असतील तर त्यांची बेरीजच करू देत नाही. चालू प्रोग्रॅममध्ये बदलणाऱ्या किमतींची गोष्ट निराळी. त्यांची तपासणी एडा धावतानाच करते. स्पार्क ही एडाची शिस्तबद्ध उपभाषा मात्र त्यापुढे जाते: कुठलीच किंमत हद्दीबाहेर जाणार नाही, याची गणिती सिद्धताच मागते.

तुम्ही सी++ वापरता, तर तुमच्यासाठीही सोय आहे. रॉबर्ट रेमी यांची सेफ न्यूमेरिक्स ही लायब्ररी 2018 च्या डिसेंबरात बूस्टमध्ये आली. तिच्यात टाइपलाच किमान आणि कमाल किंमत जोडलेली असते आणि प्रत्येक क्रियेबरोबर उत्तराची हद्द कंपायलरच काढत जातो. तुझंच उदाहरण घे. वाचनाचा टाइप 0 ते 4095 असा सांगितलास की गुणाकाराची हद्द 0 ते 2,04,75,000 निघते. ती 16 बिटांत मावत नाही, म्हणून कोड कंपाइलच होत नाही, अशी कडक नीती तुला निवडता येते. गुणाकार 32 बिटांत केलास की भागाकारानंतर हद्द आपोआप 0 ते 4998 होते, आणि तो आकडा 16 बिटांत परत ठेवताना धावत्या तपासणीची गरजच राहत नाही. शिवाय लॅपटॉपवर बसूनच तुझ्या चिपचे बिटांचे आकार धरून हे सगळं पाहता येतं. लायब्ररी जड वाटली तर निदान चलांना महिरपी कंसात किंमत द्यायची सवय लाव. 8 बिटांच्या चलात 300 कोंबायला सी++ 2011 च्या मानकापासून तिथे मनाई आहे. आणि रूपांतराच्या वॉर्निंग बंद करायच्या नाहीत, उलट त्यांना एररचा दर्जा द्यायचा. सुरुवातीचे दिवस जिकिरीचे जातील, ते जाऊ देत.

मात्र कंपायलर हद्द पाळायला लावेल, हद्द कुठली ते त्याला माहीत नाही. ते तुला विचारून घ्यावं लागेल. 0 ते 4095 हे एडीसीच्या माहितीपत्रकात आहे. पण सेलचं तापमान किती खाली जाऊ शकतं, चार्जिंगचा प्रवाह उलटा वाहतो तेव्हा तो ऋण मोजायचा का, सेन्सरची तार तुटली तर काय वाचन येतं, हे हार्डवेअरच्या लोकांना विचार. त्यांच्या टेबलाशी जाऊन बस. तरुण इंजिनिअरांना असं विचारायला कमीपणा वाटतो, मी पाहिलंय. मला मात्र तेच खरं इंजिनिअरिंग वाटतं. आणि मिळालेलं उत्तर वहीत ठेवू नकोस, टाइपमध्ये लिही. पाच वर्षांनी कुणी तुमचं कोड उचलून मोठ्या बॅटरीच्या गाडीत घालेल, तेव्हा तू तिथे नसशील. पण टाइप असेल, आणि तो कंपाइल व्हायला नकार देईल.

सीनियरांशी वाद घालू नकोस. 7 हे वाचन देऊन खऱ्या चिपवर काय उत्तर येतं ते त्यांना शांतपणे दाखव. समंजस माणसाला तेवढं पुरतं.

ती गुणाकाराची ओळ उद्याच दुरुस्त कर, आणि ती दुरुस्त होईपर्यंत तो बोर्ड चार्जरला लावू नकोस, दुसऱ्या कुणाला लावूही देऊ नकोस.

तुझी,
आत्या