कांद्याची गोणी आणि माथाडीची पाठ

जुन्नर, आंबेगाव, शिरूर भागातील बराचसा कांदा गोण्यांत भरून नवी मुंबईत तुर्भे येथील बाजार आवारात जातो. मुंबईतील कांदा-बटाटा बाजार १९८१ साली येथे हलविण्यात आला. गाडीतील गोणी माथाडी कामगार पाठीवर घेऊन उतरवितो. ती किती किलोची असावी हे मात्र शेतकऱ्याच्या खळ्यावर ठरते.

गोणीचे वजन

बारदान कमी लागावे म्हणून काही शेतकरी ६०-७० किलो माल भरतात. १०० क्विंटल कांद्याला ५० किलोच्या २०० गोण्या लागतात, ७० किलोच्या सुमारे १४३. म्हणजे ५७ गोण्या वाचतात, पण प्रत्येक खेपेला पाठीवर २० किलो जादा येतात. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९६७ च्या शिफारशीत प्रौढ पुरुषाने वाहावयाच्या ओझ्याची कमाल मर्यादा ५५ किलो आहे. तुर्भे येथील माथाडींनीही ५० किलोवरील गोणी उचलण्यास वेळोवेळी नकार दिला आहे. शिवाय जड गोणी आपटली जाते, तळाचा कांदा दबतो व पुढे सडतो.

इजा झाल्यास भरपाई

अण्णासाहेब पाटील यांच्या चळवळीतून १९६९ चा माथाडी कायदा झाला. नोंदणी केलेल्या कामगाराची मजुरी मंडळामार्फत मिळते. त्यामुळे त्याचे काम एकाच व्यापाऱ्याच्या मर्जीवर राहत नाही. अपघात भरपाईचा १९२३ चा कायदाही माथाडींना लागू करण्यात आला. त्यातील तरतुदी २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये आल्या आहेत.

कामामुळे व काम करीत असताना अपघात होऊन तीन दिवसांपेक्षा जास्त काम बंद राहिले, तर भरपाई देय होते. तात्पुरत्या असमर्थतेत दर पंधरवड्याला मासिक वेतनाच्या २५ टक्के रक्कम मिळते. वेतन १२,००० रुपये असल्यास ती ३,००० रुपये होते. औषधोपचाराचा प्रत्यक्ष खर्चही मालकाकडून मिळतो. मृत्यू व कायम अपंगत्वासाठी वेतन आणि वय यांवरून रक्कम ठरते.

अडचण वेगळीच आहे. गोणी अंगावर पडली तर अपघाताची तारीख व साक्षीदार असतात. वर्षानुवर्षे ओझ्याने झिजलेल्या मणक्याला तारीख नसते. अशा दुखण्याचा दावा सिद्ध करणे कठीण जाते. म्हणून येथे भरपाईपेक्षा प्रतिबंध महत्त्वाचा.

बरे होताना

कंबर धरल्यास दीर्घकाळ अंथरुणावर पडून राहू नये. वेदना सोसेल इतपत हालचाल ठेवावी. ओझे टप्प्याटप्प्याने वाढवावे. पायात बधिरता वा अशक्तपणा आला, किंवा लघवीवरील ताबा गेला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

आपल्या शेतावर

ट्रॅक्टर किंवा विजेवरील यंत्राने शेतकाम करणारा मजूरही भरपाईच्या तरतुदीत येतो. तेथे मालक आपणच असतो. म्हणून पुढील गोष्टी पाळाव्यात :

१. गोणी ५० किलोपेक्षा जास्त भरू नये. खळ्यावरच वजन करावे.

२. मळणी यंत्राच्या पट्ट्यावर जाळी बसवावी.

३. इजा झाल्यास तारीख, वेळ, काम व साक्षीदार त्याच दिवशी लिहून ठेवावेत. डॉक्टरांच्या कागदावर इजा कामावर झाल्याची नोंद करून घ्यावी.

४. मजुरी दिल्याची वही ठेवावी. दाव्यात वेतन ठरविताना तीच दोघांच्या उपयोगी पडते.