पंचशील : पाली आणि मराठी

जुन्नरच्या मानमोडी लेण्यात चंद नावाच्या यवनाचे दान प्राकृतात कोरलेले आहे. परक्या दात्यानेही इथलीच भाषा घेतली. दि. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी त्रिशरण-पंचशील पालीतून ग्रहण केले. बावीस प्रतिज्ञा मात्र जनसमुदायाला मराठीतून दिल्या.

आम्ही येडगावकर वंदना तोंडपाठ म्हणतो, पण अर्थ? पंचशीलातील 'वेरमणी' म्हणजे परावृत्त राहणे; 'सिक्खापद' म्हणजे शिकण्याचा नियम. कुणी 'चोरी करू नकोस' असा अर्थ सांगतो, तेव्हा शीलाची आज्ञा होते. वास्तविक 'मी परावृत्त राहण्याचा नियम स्वीकारतो' असे आपणच म्हणत असतो. (आम्हीही पुष्कळ वर्षे आज्ञाच समजत होतो!) पाली शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनी पौर्णिमेच्या वंदनेनंतर एकेक शील आपल्या आजीला कळेल अशा बोलीत सांगावे.